फ्रिज, कूलर, मोटर: काय ऑनलाइन मागवावं आणि काय गावातून घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमळनेरला भाड्याचं घर घेतलंय, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लग्न आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर आणि कूलर घ्यायचाय. जो फ्रिज गावात २८ हजारांना सांगतात, तोच ऑनलाइन अडीच हजारांनी स्वस्त दिसतो. दुकानदार म्हणतो, "ऑनलाइनचा माल वेगळा असतो आणि कंपनी सर्व्हिस देत नाही." मित्र म्हणतात, दुकानदार लुटतात. शिवाय चोपड्याकडे वडिलांची केळी आहे, तिथल्या विहिरीवरची मोटर बदलायचीय, आणि तीही मोबाईलवर निम्म्या किमतीत दिसतेय. ऐकायचं कुणाचं?

मी जळगावात बऱ्याच वर्षांपासून घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. नवीन वस्तू विकत नाही, त्यामुळे तुम्ही कुठून घेता यात माझा नफा-तोटा नाही. ऑनलाइन घेतलेलंही माझ्याकडे येतं आणि फुले मार्केटमधून घेतलेलंही. दोघांचेही आतले स्क्रू मी उघडलेले आहेत, आणि त्यावरूनच सांगतो.

आधी प्रश्न जरा फिरवून मांडतो. स्वस्त कुठे मिळतं, हे मोबाईलवर पाच मिनिटांत कळतं. न कळणारी गोष्ट पुढची आहे. वस्तू चुकीची निघाली, वाटेत चेपली, सहा महिन्यांनी बंद पडली, तर धावपळ कोण करणार? काही वस्तूंमध्ये ही धावपळ होतच नाही किंवा झालीच तर किरकोळ असते. तिथे जिथे स्वस्त तिथे घ्या, विचार करत बसू नका. काही वस्तूंमध्ये मात्र ती हमखास होते, आणि नेमकी मे महिन्यात होते. तिथे दुकानदाराला दिलेले जास्तीचे पैसे त्या धावपळीचे असतात. ते तो खरंच करतो का, हे तपासून मगच द्यायचे.

आता दुकानदाराचं म्हणणं. माल वेगळा असतो, यात थोडं तथ्य आहे. काही कंपन्या ऑनलाइन विक्रीसाठी वेगळे मॉडेल काढतात. बाहेरून फ्रिज तोच दिसतो, पण आत काचेच्या फळीऐवजी जाळी असते, खालचा कांद्या-बटाट्याचा ड्रॉवर नसतो, किंवा व्होल्टेजची मर्यादा कमी असते. म्हणून मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहा. शेवटची दोन अक्षरं वेगळी असतील तर तुम्ही दोन वेगळ्या वस्तूंच्या किमती शेजारी ठेवताय. नंबर तंतोतंत तोच असेल तर माल तोच.

वीज बचतीच्या स्टारच्या बाबतीतही नुसते स्टार मोजू नका. स्टारचे नियम दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे चार स्टार आणि नव्यावरचे चार स्टार सारखे नसतात. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो, तो वाचा. दुकानात मागच्या वर्षीचा साठा पडून असतो आणि ऑनलाइन सेलमध्येही तोच खपवला जातो.

कंपनी सर्व्हिस देत नाही, हे मात्र सरसकट खरं नाही. वॉरंटी कंपनीची असते आणि ती पक्क्या बिलाच्या तारखेपासून सुरू होते, बिल दुकानाचं असो की ऑनलाइनचं. फक्त एक पाहायचं. ॲपवर ज्या पानावर वस्तू दिसते तिथे खाली विक्रेत्याचं नाव असतं. ॲप वेगळं आणि विक्रेता वेगळा. काही कंपन्या अधिकृत नसलेल्या विक्रेत्याच्या बिलावर वॉरंटी नाकारतात, म्हणून तो अधिकृत आहे का ते कंपनीला विचारा.

त्याच फोनवर दुसराही प्रश्न विचारून घ्या, तो जास्त मोलाचा आहे. तुमचा पिनकोड, म्हणजे अमळनेरचा ४२५४०१, सांगा आणि विचारा, "या भागात तुमचा माणूस कुठून येतो आणि तक्रार केल्यावर साधारण किती दिवसांत येतो?" जळगाव किंवा धुळ्यात राहणाऱ्याला हा प्रश्न फारसा छळत नाही. तालुक्याच्या गावाला छळतो. शहादा, अक्कलकुवा, धडगाव या बाजूला तर फारच. काही कंपन्यांचा अमळनेरात ठरलेला मेकॅनिक असतो, काहींचा जळगावहून आठवड्यातून एखादी फेरी मारतो. कागदावर वॉरंटी दोन्हीकडे सारखीच दिसते, पण भर उन्हाळ्यात आठवडाभर दूध बाहेर ठेवावं लागलं की फरक कळतो.

इथे चांगल्या दुकानदाराची किंमत आहे. महिन्याला त्याच कंपनीचे बरेच नग विकणाऱ्या दुकानदाराने सर्व्हिस सेंटरला फोन केला की माणूस लवकर निघतो, हे मी वारंवार पाहिलंय. पण सगळे दुकानदार तसे नसतात. काही जण माल गेला की "टोल फ्री नंबरवर करा" एवढंच म्हणतात. तसंच असेल तर जास्तीचे पैसे कशासाठी? म्हणून दुकानदाराची चौकशी त्याच्याकडे न करता ज्यांच्याकडे त्याचा फ्रिज दोन-तीन वर्षं चाललाय अशा दोन घरी करा. अमळनेरसारख्या गावात हे अवघड नाही.

आता तुमचे अडीच हजार मोजू. २८ हजारांवर ते सुमारे ९ टक्के होतात. माझा स्वतःचा ठोकताळा असा की फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर फ्रिज आणि वॉशिंग मशीन गावातून घ्यावं, १० टक्क्यांच्या वर असेल आणि कंपनीचा माणूस तुमच्या गावात येत असेल तर ऑनलाइन घ्यावं. तुम्ही मधे आहात. म्हणून आधी तो फरक खरा आहे का ते पाहा. ऑनलाइन किमतीत एखाद्या ठरावीक बँकेच्या कार्डाची सूट धरलेली असते, ते कार्ड तुमच्याकडे आहे का? बिनव्याजी हप्त्यावर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो, तो मोजलात का? फ्रिजचा स्टँड, लागत असेल तर स्टॅबिलायझर, दुसऱ्या मजल्यावर चढवायची हमाली? हे सगळं धरलं की अडीच हजारांचे कित्येकदा हजार-बाराशे उरतात.

मग मोबाईलवरचं ते पान दुकानदाराला सरळ दाखवा. लपवाछपवी नको. "मॉडेल हेच, भाव हा, तुमच्याकडून घ्यायची इच्छा आहे, किती जमेल?" सेलमधली सूट बऱ्याचदा बँक किंवा कंपनी सोसते, त्यामुळे त्याला पूर्ण जुळवता येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण स्टँड, पोचवणं, बसवणं, जुन्या फ्रिजचे चार पैसे, यात तो बरंच सोडू शकतो. आखाजीच्या आठवड्यात किंवा धनत्रयोदशीला हे बोलणं करू नका, तेव्हा त्याला मान वर करायला वेळ नसतो. लग्न आखाजीनंतर आहे, तर महिनाभर आधीच निवांत दुपारी जा.

आणखी एक गोष्ट शेतकरी घरांना ठाऊक असते, ऑनलाइनच्या हिशेबात मात्र ती कुठेच धरलेली नसते. कापूस विकल्यावर पैसे देतो म्हटलं तर ओळखीचा दुकानदार थांबतो आणि वर व्याज लावत नाही. ज्यांच्या घरात पैसा हंगामाला येतो, त्यांच्यासाठी ही मोठी सवलत आहे. तुम्ही पगारदार दिसता, तुम्हाला कदाचित तिची गरज नसेल, पण वडिलांच्या मोटरच्या वेळी ती आठवा.

ऑनलाइन घ्यायचं ठरलं तर पोचवणाऱ्याला ओटीपी देण्याआधी खोकं उघडून पाहू द्या म्हणा. तशी सोय नसेल तर खोक्याच्या बंद पट्टीपासून शेवटच्या फळीपर्यंत न थांबता व्हिडिओ काढा. चेपलेली बाजू नंतर दाखवली तर "तुमच्याकडे चेपली" असं ऐकावं लागतं. आतल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर बिलाशी जुळवा. फ्रिज आडवा आणला असेल तर लगेच चालू करू नका, काही तास उभा राहू द्या, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसू द्या. बदलून देण्याची मुदत बहुधा आठवडा-दहा दिवसांची असते, तेवढ्यात बर्फ होतोय का, आवाज येतोय का हे नीट पाहून घ्या. लग्नाच्या महिनाभर आधी मागवून खोक्यातच ठेवला तर ही मुदत खोक्यातच संपते. असं करणारी घरं खूप आहेत. फ्रिज आला की चालू करायचा, मुहूर्ताची वाट पाहायची नाही.

वॉशिंग मशीनचं थोडक्यात सांगतो. कुठून घ्यायचं याआधी टाकी किती उंचावर आहे ते पाहा. पाण्याचा दाब दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार असतो, म्हणजे मशीनच्या नळापेक्षा टाकी तीनच मीटर वर असेल तर ०.३ बार. पूर्ण ऑटोमॅटिक मशीनला किमान किती दाब लागतो ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्याहून कमी असेल तर मशीन पाणी भरतच राहतं, चूक दाखवतं, आणि लोकांना वाटतं मशीन खराब आहे. भाड्याच्या घरात टाकी आपण वर चढवू शकत नाही. अशा घरात दोन टबांचं साधं मशीन बरं, त्यात बादलीनेही पाणी घालता येतं.

कूलरवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, जळगाव-भुसावळला तर ते कुणाला नवल वाटत नाही. हवा कोरडी असते, म्हणून पाण्याचा कूलर खानदेशात मुंबई-कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो. कूलर गावातूनच घ्या. शक्यतो स्थानिक कारागिराने बनवलेला पत्र्याचा घ्या. त्याची मोटर, पंखा, पाण्याचा पंप, गवताचे पॅड हे सगळं कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. रात्री नऊला पंप बंद पडला तरी सकाळी दहाला नवीन बसतो. ऑनलाइन मिळणारे प्लास्टिकचे कूलर दिसायला छान, हलवायला हलके, पण त्यांचा पंप आणि पंख्याची पाती बऱ्याचदा त्या कंपनीच्याच मापाची असतात. जूनपर्यंत भाग येत नाही, आणि जूनमध्ये पाऊस आला की कुणी विचारत नाही. आपल्या बोअरच्या जड पाण्याने पॅडवर आणि पंपात पांढरा थर बसतो, त्यामुळे भाग बदलावे लागणारच, हे गृहीत धरा. घ्यायचा तर फेब्रुवारीत घ्या. एप्रिलमध्ये तोच कूलर महाग पडतो आणि बनवणाऱ्याला पत्रा नीट रंगवायलाही वेळ नसतो.

पण पत्र्याच्या कूलरबरोबर एक जोखीम येते आणि ती मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाण्यातल्या पंपाची वायर सोलली जाते, वीज पत्र्यात उतरते आणि ओल्या पायाने कुणी हात लावला की संपलं. तीन पिनांचा प्लग असला तरी भिंतीतल्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची तारच नसते, अशी जुनी घरं अमळनेरात भरपूर आहेत. तुमचं घर भाड्याचं आहे. राहायला जाण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. घरमालक खर्च देत नसेल तर स्वतः करा. पाणी भरताना पिन काढायची, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. नव्या सूनबाईला पहिल्याच दिवशी सांगा. फ्रिजवर अडीच हजार वाचले नाहीत तरी चालेल, हे काम राहता कामा नये.

मिक्सरला आपल्या घरात भरपूर काम पडतं. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, लाल मिरच्या, शेवभाजीचा मसाला, सगळं त्यातच. ७५० वॅटचा घ्या. कुठूनही घ्या, पण कंपनी अशी निवडा की जिचं भांडं, कपलर (भांडं मोटरला जोडणारा तुकडा) आणि मोटरचा कार्बन तुमच्या गावातल्या दुकानात टांगलेलं दिसतं. मिक्सरच्या मोटरपेक्षा भांड्याचं बुश आणि कपलर आधी जातं. मिक्सर अचानक बंद पडला तर माझ्याकडे आणण्याआधी तळाचं लाल बटण दाबून पाहा. जास्त भार आला की ते बाहेर येतं.

मोबाईल, लॅपटॉप, पुस्तकं, छताचा पंखा, इस्त्री ऑनलाइन बिनधास्त घ्या. इस्त्री, गिझर, वायर यांवर आयएसआयचा शिक्का आणि खाली परवाना क्रमांक पाहा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की खरा-खोटा कळतो. दुकानातल्या मालालाही हीच परीक्षा लावा. जुन्या टीव्हीचा रिमोट, बंद झालेल्या मॉडेलचं रबर, मशीनचं बटण असे भाग तर मी स्वतः ऑनलाइन मागवतो. गोलाणी मार्केट पालथं घालूनही जे मिळत नसे, ते आता घरपोच येतं. फक्त जुना भाग हातात घेऊन माप आणि क्रमांक जुळवायचा, फोटोवर विसंबायचं नाही.

बिघाड झाला की लोक काय करतात, तर कंपनीचं नाव आणि "कस्टमर केअर" असं मोबाईलवर शोधतात आणि वर दिसेल तो नंबर लावतात. त्यातले कित्येक नंबर भामट्यांचे असतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, दहा रुपये नोंदणी फी मागतो, एखादं ॲप टाकायला लावतो आणि खातं रिकामं होतं. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा वस्तूच्या स्टिकरवरूनच घ्या. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा, वेळ गेला की पैसे अडवता येत नाहीत.

माल खराब निघाला आणि कुणी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्यात आपण जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता बेंगळुरूचा असला तरी तुम्ही जळगावात दाखल करू शकता, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही. "ऑनलाइन घेतलं, आता कुणाला धरणार?" ही भीती पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. पण त्यासाठी बिल हवं. बिल नको, शेदोनशे कमी करतो, असं जो म्हणेल त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

राहिली वडिलांची मोटर. ती ऑनलाइन घेऊ नका, हे मी अगदी ठाम सांगतो. निम्मी किंमत पाहून मन होतं, पण पंप हॉर्सपॉवरवर घेतला जात नाही, हेडवर, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं त्यावर, घेतला जातो. उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं, तिथून शेतात किती उंचावर आणि किती लांब न्यायचं, पाइप किती इंची, पुढे ठिबक आहे का, यावर ते ठरतं. जास्त हेडचा पंप कमी हेडवर लावला तर सुरुवातीला पाणी धो-धो येतं आणि सगळे खूश होतात, पण अँपिअर वाढतो, वाइंडिंग तापतं आणि मोटर जळते. त्यात आपल्याकडे डीपीवर, म्हणजे शेताला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, भार पडला की व्होल्टेज खाली येतं, रात्रीच्या पाळीत एखादा फेज जातो. चोपड्यातला पंपवाला त्या भागातल्या विहिरी आणि डीपी ओळखून असतो. जळालेली मोटर वाइंडिंग भरायला गेली तर तोवर दुसरी लावून देणारे दुकानदारही आहेत, ते घेण्याआधी विचारून घ्या. भर उन्हाळ्यात केळीचं पाणी तुटलं तर घड बारीक राहतो, आणि ते नुकसान मोटरच्या किमतीपेक्षा मोठं असतं. मोटरबरोबर चांगला स्टार्टर आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा) घ्यायलाच लावा.

वडिलांना विचारून विहिरीची खोली, मे महिन्यातली पाण्याची पातळी, पाइपाची लांबी आणि इंच, जुन्या मोटरच्या पत्रीवरचे हेड आणि अँपिअरचे आकडे आणि रात्री स्टार्टरवर किती व्होल्ट दिसतात एवढं मला कळवा. कोणत्या हेडचा पंप मागायचा ते मी सांगतो, म्हणजे दुकानात जाताना तुमच्या हातात आकडा असेल.